ओबोनच्या रिंगणात पहिल्यांदा उतरताना: बे एरियातल्या जपानी उत्सवांची ओळख

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या शहरांत, नवीन आलेल्या माणसाने जपानी उत्सवाबद्दल विचारलं, की ओळखीतलं कुणीतरी एप्रिलमधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चेरी ब्लॉसम फेस्टिव्हलचं नाव सांगतं. तो जरूर बघा. पण पहिल्या वर्षी तिथे गर्दीत उभं राहून बघण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. आमचा सल्ला असा, की सुरुवात जुलैतल्या ओबोनपासून करा. ओबोनचा नाच, म्हणजे बॉन ओदोरी, सगळ्यांसाठी खुला असतो आणि आधी काही आठवडे मंदिरात फुकट शिकवला जातो. नाव नोंदवायला लागत नाही, बौद्ध किंवा जपानी असायला लागत नाही. पाय चुकला तर शेजारच्या आजी हाताने खूण करून सांगतात आणि नाच पुढे चालू राहतो. एकदा या रिंगणात नाचलात की वर्षभराचे बाकीचे कार्यक्रमही ओळखीचे वाटू लागतात, कारण ते उभे करणारी माणसं बरीचशी तीच असतात.

ओबोन कशासाठी, कुठे आणि कधी

ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा उत्सव. त्याच्या मुळाशी बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याची कथा आहे. जपानीत त्याला मोकुरेन म्हणतात. मेलेली आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना त्याला दिसली. बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने वर्षावास संपवलेल्या भिक्षूंना दान दिलं, आई सुटली आणि तो आनंदाने नाचला. बे एरियातली बहुतेक जपानी बौद्ध मंदिरं जोदो शिन्शू पंथाची आहेत आणि या पंथात ओबोनचा सूर आनंदाचा नि कृतज्ञतेचा असतो. पितृपक्षात आपण जसं मंगलकार्य टाळतो, तसं इथे काही नसतं. मुलंबाळं, रंगीत कपडे, ढोल, खाणं सगळं चालतं.

जपानमध्ये भागाप्रमाणे जुलैच्या किंवा ऑगस्टच्या मध्याला ओबोन होतं. बे एरियात ते जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पसरलेलं असतं, कारण प्रत्येक मंदिर आपला वेगळा शनिवार-रविवार धरतं. म्हणजे एका मंदिराचे नाचणारे, तायको (मोठे जपानी ढोल) वाजवणारे आणि स्वयंसेवक दुसऱ्याच्या ओबोनला जाऊ शकतात. तुमच्या दृष्टीने याचा फायदा मोठा आहे. सॅन होजेचं ओबोन हुकलं तर माउंटन व्ह्यू, सॅन फ्रान्सिस्को, पालो आल्टो अशी पुढची मंदिरं उरतातच. तारखा मे महिन्यात मंदिराच्या स्वतःच्या सूचनेवरूनच बघा. मागच्या वर्षीची तारीख धरून बसलात तर रिकाम्या रस्त्यावर पोहोचाल.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सॅन होजे निवडावं. अमेरिकेत मोजून तीन जपानटाउन, म्हणजे जुन्या जपानी वस्त्या, टिकून आहेत: लॉस एंजेलिसचं लिटल टोकियो, सॅन फ्रान्सिस्कोचं आणि सॅन होजेचं. सॅन होजेचं छोटं आहे, पायी फिरता येतं आणि तिथलं ओबोन मोठं असतं. नॉर्थ फिफ्थ स्ट्रीटवर सॅन होजे बुद्धिस्ट चर्च बेत्सुइन आहे. नावात चर्च असलं तरी ते बौद्ध मंदिर आहे. संस्था १९०२ ची, आत्ताची इमारत १९३७ ची, निशिउरा बंधूंनी बांधलेली. लाकूडकाम बघायला दिवसाउजेडी जा, संध्याकाळच्या गर्दीत ते डोळ्यांत भरत नाही.

तिथे जाण्याआधी एवढं ठाऊक असू द्या

या उत्सवांत भेटणारे बहुतेक लोक जपानहून नुकते आलेले नाहीत. त्यांची ही तिसरी, चौथी, पाचवी पिढी आहे. पहिल्या पिढीला इस्सेई, दुसरीला निसेई, तिसरीला सान्सेई, चौथीला योन्सेई म्हणतात, आणि हे शब्द तुम्हाला सारखे ऐकू येतील. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसांना आधी सॅन ब्रुनोच्या टॅनफोरन रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं आणि मग युटामधल्या टोपाझला नेलं. सॅन होजेची अनेक कुटुंबं वायोमिंगच्या हार्ट माउंटनला गेली. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवून.

हे सांगायचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. समोरच्याला 'जपानमध्ये कुठले तुम्ही?' असं विचारू नका. तो फ्रेस्नोचा असतो, नाहीतर वॉटसनव्हिलचा. या प्रश्नामागे त्यांच्या घराण्याने ऐकलेलं बरंच काही असतं. 'तुमचं कुटुंब या मंदिरात कधीपासून येतं?' असं विचारा, गप्पा आपोआप सुरू होतात. उगाच 'कोन्निचिवा' करत फिरू नका. अनेकांना जपानी येत नाही, इंग्रजीच त्यांची घरची भाषा आहे. आणि हा इतिहास नीट समजून घ्यायचा असेल तर फेब्रुवारीत १९ तारखेच्या आसपास सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये स्मरणदिन पाळतात, तिथे जा. भाषणांच्या जोडीला हातात दिवे घेऊन रस्त्यावरून शांत फेरी निघते. त्या फेरीत कुणीही सामील होऊ शकतं.

नाचाचा सराव

सराव साधारण जूनमध्ये सुरू होतो, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी, मंदिराच्या हॉलमध्ये किंवा पार्किंगच्या जागेत. दरवर्षी दहा-बारा नाच निवडतात आणि तेच त्या हंगामात बऱ्याच मंदिरांत होतात. म्हणून एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कामाला येतं. सगळे सराव जमले नाहीत तरी निदान दोनदा जा. पहिल्या वेळी पाय गोंधळतात, दुसऱ्या वेळी हात सुटतात. एकही सराव न करता थेट ओबोनला नाचलात तरी कुणी हाकलणार नाही, पण निम्मा वेळ इकडेतिकडे बघण्यात जाईल.

सरावाला काय न्यायचं? चालायचे बूट, पाण्याची बाटली आणि एक तेनुगुई. तेनुगुई म्हणजे पातळ सुती कापडाची पट्टी, साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि ३४ सेंटिमीटर रुंद. एखाद्या नाचात ती हातात धरून फिरवायची असते, उरलेला वेळ घाम पुसायला होते. तिच्या दोन्ही टोकांना शिवण नसते आणि धुतल्यावर धागे सुटतात. ती तशीच असते, लवकर वाळावी म्हणून. घरी आणून टोकं दुमडून शिवू नका, सुटलेले धागे फक्त कात्रीने कापा. त्याशिवाय काही नाचांना उचिवा लागतो, म्हणजे दांड्याचा चपटा पंखा, आणि काहींना कचिकचि, म्हणजे बोटांत धरून वाजवायचे लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे. घडीचा पंखा वेगळा, त्याला सेन्सु म्हणतात. उचिवाच्या नाचात तो आणला तर हालचाली जमत नाहीत. कचिकचि पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, हाताने टाळी दिली तरी चालते.

शिकताना नवख्यांची एक चूक ठरलेली असते: रिंगणाच्या पलीकडे, समोर दिसणाऱ्या माणसाकडे बघून नक्कल करणं. तो तुमच्याकडे तोंड करून किंवा उलट्या दिशेने चालत असतो, त्यामुळे त्याचा उजवा तुमचा डावा होतो. आपल्या पुढच्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या पाठीकडे बघा. अगदी पुढचा माणूसही तुमच्यासारखाच नवखा असण्याची शक्यता असते, म्हणून एक सोडून पुढे नजर टाका. शिकवणाऱ्या बायका बहुधा आतल्या रिंगणात किंवा मधल्या रांगेत असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला, थोडं मागे राहिलात की त्या सतत नजरेच्या टप्प्यात राहतात.

सुरुवात 'टांको बुशी'पासून करा. हे फुकुओका भागातल्या कोळसा खाणकामगारांचं लोकगीत. जवळपास प्रत्येक ओबोनला हा नाच असतोच आणि त्यातली प्रत्येक हालचाल खाणीतलं काम दाखवते, म्हणून लक्षात राहते. क्रम असा:

१. दोन्ही हातांत फावडं धरल्यासारखं करून उजव्या बाजूला दोनदा खणा, मग डाव्या बाजूला दोनदा. ज्या बाजूला खणता तो पाय पुढे.
२. कोळसा खांद्यावर टाका: एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे.
३. एक पाऊल मागे घेऊन एक हात कपाळाशी न्या आणि वळून बघा, दुसरा हात मागे सैल. मग हेच दुसऱ्या बाजूने.
४. तळहात पुढे करून कोळशाची गाडी ढकला, दोनदा, दोन पावलं पुढे.
५. हात खाली एकमेकांवरून नेऊन दोन्ही बाजूंना उघडा.
६. टाळी: एक, मग दोन जलद. पुन्हा खणण्यापासून.

बिघडतं ते तिसऱ्या पायरीवर. लोक मागे पाऊल घ्यायचं विसरतात, पुढेच चालत राहतात आणि पुढच्याच्या पाठीवर आदळतात. शिवाय पाचवी पायरी घाईत गिळली जाते, मग टाळी ठेक्याआधी पडते. यावर उपाय म्हणजे पहिली दोन आवर्तनं फक्त पाय चालवा, हात मोकळे सोडा. पाय बसले की हात आपोआप मागे येतात. मंदिरामंदिरात हातांच्या बारीक लकबी बदलतात. तिथे जे चाललं असेल ते करा, 'आमच्याकडे असं शिकवलं होतं' म्हणून अडून बसू नका.

युकाता

युकाता म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो. साध्या कपड्यांत नाचणारे अर्धेअधिक असतात, तेव्हा युकाता नसली म्हणून मागे राहू नका. हाप्पी हा आखूड सुती कोट टी-शर्टवर घालून कमरेला पट्टा बांधला की काम भागतं. कुर्ता-सलवार घालून नाचलात तरी कुणाला वावगं वाटणार नाही, फक्त ओढणी घरी ठेवा. ती पंख्यांत नि शेजारच्याच्या हातांत अडकते.

युकाता नेसायची असेल तर एक नियम कधीही मोडू नका: आधी उजवा पदर अंगाशी, त्यावर डावा. उलट गुंडाळणं मृतदेहासाठी असतं. आरशात बघून तपासताना हमखास गडबड होते, म्हणून हाताने तपासा: उजवा हात गळ्याशी सहज आत सरकला पाहिजे. नेसण्याचा क्रम असा. पाठीची मधली शिवण कण्यावर आणा. बायकांनी खालची कड घोट्याच्या हाडापर्यंत येईल इतकी युकाता वर उचलून धरायची, पदर गुंडाळायचे, कमरेवर कोशिहिमो नावाची पातळ नाडी घट्ट बांधायची आणि वर उरलेलं कापड नाडीवरून खाली पाडून सरळ करायचं. त्यावर ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा. पुरुषांच्या युकात्याला ही कमरेची घडी नसते. ती मुळात उंचीप्रमाणे घ्यावी लागते आणि ओबी पोटाखाली, कमरेच्या हाडांवर बांधतात. पोटाच्या मध्यावर बांधली की दहा मिनिटांत वर सरकते.

नाचताना सुटतं ते बहुतेक वेळा नाडी सैल असल्यामुळे. ओबी ही शोभेची, युकाता धरून ठेवते ती आतली नाडी. आत पातळ स्लिप किंवा लेगिंग घाला, मोठं पाऊल टाकलं की पुढचा भाग उघडतो. पायात लाकडी गेता घालायच्या तर आठवडाभर आधी घरात वापरा आणि अंगठ्याचा पट्टा हाताने ताणून सैल करा. नव्याकोऱ्या गेता घालून डांबरी रस्त्यावर तासभर नाचलात तर दोन बोटांच्या बेचक्यात फोड येतात. साध्या चपला पिशवीत असू द्या.

त्या दिवशी

गाडीने जाऊ नका. जॅक्सन स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटचे तुकडे बंद असतात आणि आसपासच्या गल्ल्यांत लोक राहतात, त्यांच्या दारासमोर गाड्या लावल्या की उत्सवाबद्दल तक्रारी होतात. सॅन होजेत नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर लाइट रेलचं जपानटाउन/एअर नावाचं स्थानकच आहे, तिथून मंदिर दहाएक मिनिटं चालत. कॅलट्रेनने येणाऱ्यांनी डिरिडॉनला उतरून ग्रीन लाइन धरावी. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात.

दुपारी लवकर पोहोचा. चिकन तेरियाकी कोळशाच्या भट्टीवर भाजायला लागले की संध्याकाळी चार ते सहा या वेळात रांग फार वाढते. त्याआधी खाऊन घ्या, मग मंदिरातलं इकेबाना (जपानी पुष्परचना) किंवा बोन्सायचं प्रदर्शन, प्रवचन, तायको, आणि ऊन कललं की नाच. काही मंदिरांत खाण्याची कुपनं आधी घ्यावी लागतात आणि ती उरली तर पैसे परत मिळत नाहीत. आधी रांगेचा फलक वाचा, हिशोब करा, मग कुपनं घ्या. थोडी रोख जवळ ठेवा.

जुलैत सॅन होजेत दुपारी चांगलंच तापतं आणि रस्त्यावर सावली कमी. त्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोत मात्र संध्याकाळी धुकं आणि गार वारा असतो, तिथे युकात्यावरून घालायला जॅकेट हवंच.

रिंगणात शिरताना दोन नाचांच्या मध्ये शिरा. गाणं चालू असताना रांग तोडून आत घुसू नका. नाच एकाच दिशेने सरकत असतो. थांबावंसं वाटलं तर बाहेरच्या बाजूने निघा, जागच्या जागी उभे राहिलात की मागची सगळी रांग अडते. फोन काढून स्वतःचा व्हिडिओ घेणारे नेमकं हेच करतात. बाबागाडी रांगेत नेऊ नका, मूल कडेवर चालेल. शेजाऱ्यापासून हातभर अंतर ठेवा.

तायकोच्या जवळ बसताना लहान मुलांच्या कानांची काळजी घ्या. मोठा ढोल चार हातांवरून छातीत घुमतो. सॅन होजे तायको हा गट १९७३ पासून आहे आणि सॅन फ्रान्सिस्को तायको दोजो १९६८ पासून, त्यामुळे इथे ऐकायला मिळतं ते मुरलेलं वादन आहे. कार्यक्रम संपल्यावर ढोलाला हात लावू नका. बोटांच्या तेलाने कातडं खराब होतं. ढोल वाजवायच्या बाचि म्हणजे काठ्या जमिनीवर दिसल्या तर ओलांडू नका, वळसा घालून जा. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

शाकाहारी असाल तर

इथे फसगत होते. बौद्ध मंदिर म्हणजे शाकाहार असं धरून गेलात तर पंचाईत होईल. मांस, मासे आणि स्पॅम (डबाबंद डुकराचं मांस) सगळीकडे असतात, आणि जिथे दिसत नाहीत तिथेही दाशी असते. दाशी म्हणजे बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांचं पाणी. मिसो सूप, उदॉन नूडल्सचा रस्सा, तेंपुरा भज्यांसोबतची चटणी, इतकंच काय, इनारी सुशीची गोडसर तोफूची पिशवी यांतही ती येऊ शकते. भातावर भुरभुरलेल्या फुरिकाकेत बोनिटो असतोच असं नाही, पण फार वेळा असतो. ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्यावर वरून नाचणारे तपकिरी काप तेच.

'हे व्हेज आहे का?' असं विचारलं तर भला स्वयंसेवक प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो, कारण त्याच्या मनात मांसाचे तुकडे असतात. प्रश्न नेमका विचारा: यात दाशी, बोनिटो किंवा फिश सॉस आहे का? अंडं चालत नसेल तर तेही वेगळं विचारा. इमागावायाकी, म्हणजे आत लाल चवळीसारख्या अझुकी बियांचं गोड सारण भरलेली गरम टिक्की, हिच्या पिठात अंडं-दूध असतं. बटर मोची या चिकट तांदळाच्या केकमध्येही अंडं असतं. निर्धास्त खाता येण्यासारखं म्हणजे उकडलेले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), नुसतं मीठ लावलेलं भाजलेलं कणीस, आत उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेली ओनिगिरी (भाताचा गोळा), बर्फाचा गोळा, आणि चिकट तांदळाची मोची व मांजू (गोड सारणाची छोटी मिठाई), तेही आत काय आहे हे विचारून. कणसाला सॉस लावत असतील तर आधीच नको म्हणा.

मांजूसाठी सॅन होजेत जॅक्सन स्ट्रीटवरचं शुएइडो बघा. सकाळी जा, माल संपतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या याद्यांत बेंक्योदोचं नाव अजून असतं. १९०६ पासूनचं ते दुकान मार्च २०२२ मध्ये बंद झालं, शोधत फिरू नका.

मंदिराच्या आत

मुख्य सभागृहाला होंदो म्हणतात. बाकं असतात आणि बहुतेक ठिकाणी पादत्राणं काढावी लागत नाहीत, तरी दाराशी इतर काय करतात ते बघा. टोपी काढा. धूप अर्पण करण्याला ओशोको म्हणतात. वेदीसमोर जरा थांबून वाका, दोन पावलं पुढे जा, चिमूटभर धूप एकदाच घेऊन निखाऱ्यावर टाका, हात जोडा, वाका, मागे या. काही पंथांत चिमूट कपाळाशी नेऊन तीनदा टाकतात. इथल्या बहुतेक जोदो शिन्शू मंदिरांत एकदाच, आणि कपाळाला न लावता. 'नामो अमिदा बुत्सु' हा नामोच्चार ऐकू येईल, आणि काही मंदिरांत 'बुद्धं सरणं गच्छामि'ही. मराठी बौद्ध घरातून आलेल्यांना तो क्षण फार जवळचा वाटतो.

ज्यांच्या घरात गेल्या वर्षभरात कुणी गेलं, त्यांचं हे पहिलं ओबोन असतं. त्याला हात्सुबोन म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळी पूजा असते. तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. बाहेरच्या रस्त्यावर हवे तेवढे फोटो घ्या, नाचणाऱ्या अनोळखी मुलांचे जवळून फोटो मात्र पालकांना विचारूनच.

एप्रिल: सॅन फ्रान्सिस्को आणि कुपर्टिनो

नॉर्दर्न कॅलिफोर्निया चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल १९६८ पासून होतो, एप्रिलमधले सलग दोन शनिवार-रविवार. त्याच वर्षी ओसाका शहराची भेट म्हणून मिळालेला, योशिरो तानिगुची यांनी आखलेला पाच मजली पीस पॅगोडा जपानटाउनमध्ये उभा राहिला. चार दिवसांपैकी एकच जमत असेल तर दुसरा रविवार घ्या, कारण त्या दिवशी मोठी मिरवणूक असते. ती दुपारी एकच्या सुमारास सिव्हिक सेंटरहून निघते, पोल्क स्ट्रीटने वर जाऊन पोस्ट स्ट्रीटने जपानटाउनला येते. पॅगोड्याच्या चौकाजवळ जागा मिळवायची धडपड करू नका. गफ ते लगुना या टप्प्यात पोस्ट स्ट्रीटच्या कडेला आरामात उभं राहता येतं. बार्टने पॉवेल किंवा माँटगोमेरीला उतरून ३८ नंबरची गिअरी बस धरा आणि फिलमोरला उतरा.

मिरवणुकीच्या शेवटी तारु मिकोशी येते: साके या तांदळाच्या दारूची पिंपं रचलेला, खांद्यांवर वाहिलेला देव्हारा, 'वाश्शोई' अशा आरोळ्यांत उसळत. बरेच लोक त्याआधीच कंटाळून निघतात आणि सगळ्यात चांगला भाग सोडून देतात. थांबा. ती मुद्दाम हेलकावे खात येते, तेव्हा कडेपासून दोन हात मागे सरका. मिकोशीकडे उंचावरून बघू नये असा संकेत आहे, म्हणून वरच्या गॅलरीतून वाकण्यापेक्षा रस्त्यावरूनच बघा.

लहान मुलं असतील तर एप्रिलअखेरचा कुपर्टिनोचा चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल सोयीचा पडतो. तो मेमोरियल पार्कमध्ये भरतो. जपानमधलं तोयोकावा हे कुपर्टिनोचं भगिनी-शहर, त्या नात्यातून हा उत्सव उभा राहिला. त्या भागात मराठी घरं भरपूर आहेत, तरी मुलांना बागेत खेळवून लोक परत जातात. तिथे चहाच्या विधीची जागा मिळाली तर बसा. बसण्याआधी बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, हाताने घडवलेल्या जुन्या वाडग्यावर ओरखडा उठतो. अत्तर लावून जाऊ नका, चहाचा वास मरतो. गोड आधी पूर्ण संपवा, मग चहा. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळहातावर ठेवा, पुढची चित्राची बाजू तोंडासमोरून हटेल असा घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा थोडा फिरवा आणि मग प्या.

डिसेंबर: मोचित्सुकी

नववर्षासाठी मोची कुटण्याचा हा दिवस मंदिरांत डिसेंबरमध्ये असतो आणि तिथे हात लागतातच, म्हणून मदतीला आलेल्या नवख्याचं स्वागत होतं. केस झाकायला रुमाल आणा, नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. मोचिगोमे हा चिकट तांदूळ रात्रभर भिजवतात, सकाळी वाफवतात आणि गरम असतानाच उसु या उखळीत ओततात. लगेच कुटायला गेलात तर दाणे उडतात. आधी किने, म्हणजे लाकडी मोगरी, दाबून दाबून भात मळायचा, गोळा झाला की मगच घाव. दोन घावांच्या मध्ये एक जण ओल्या हाताने गोळा दुमडतो, त्यामुळे मोगरी त्याच्या आवाजावरच पडली पाहिजे. हात मागे गेलेला दिसल्याशिवाय घाव घालू नका. घाव मधोमध हवा. मोगरी उखळीच्या काठावर आदळली तर लाकडाच्या ढलप्या मोचीत जातात आणि सगळी खेप फेकावी लागते. मोगरीची डोकी आधी पाण्यात भिजवून ठेवतात तीही चिकटू नये नि तडकू नये म्हणून.

भात गार झाला की ताणला जात नाही, म्हणून या सगळ्याला घाई असते. कुटून झालं की पिठी लावलेल्या टेबलावर गोळे वळतात. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून गोळा वर काढून तोडायचा आणि तुटलेली बाजू खाली दाबायची.

विकत घ्यायची असेल तर मागणी बहुधा आधी नोंदवावी लागते, नोव्हेंबरमध्येच विचारा. ताजी मोची दुसऱ्या दिवशी दगडासारखी होते आणि काही दिवसांत बुरशी धरते, कारण तिच्यात टिकवण्यासाठी काहीच घातलेलं नसतं. त्याच रात्री एकेक वेगळी गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तेव्हा टोस्टरमध्ये फुगेपर्यंत भाजा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना देताना नखाएवढे तुकडे करून द्या आणि ते खाताना शेजारी बसा, मोची घशात अडकते.